एका कान्याचे अंतर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या समारोपप्रसंगी केलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांला झाली, याबद्दल आम्ही कार्यकारिणीचे ऋणी आहोत. कार्यवाहांनी विषयाचे बंधन घातले नाही. वेळेचे मात्र घातले. वीस मिनिटांवर एक मिनिटही मिळणार नाही, कारण भाषणानंतर अल्पोपाहार आहे आणि साबुदाण्याचे वडे थंड झालेले कोणास आवडत नाहीत, असे त्यांनी बजावले आहे. तेव्हा मंडळाच्या पन्नास वर्षांचा इतिहास सांगण्याचा मोह आम्ही आवरतो. तो या स्मरणिकेत अन्यत्र, अधिक जाणकार लेखणीतून आलेला आहेच. आम्ही आपल्याला एका प्रवासातील दोन-अडीच तासांच्या मुक्कामाची हकीकत सांगणार आहोत. तिचा मंडळाशी काय संबंध, असे आपल्या मनात येईल. तो संबंध शेवटी आपोआप कळेल. आणि न कळल्यास दोष आमच्या कथनाचा समजावा.

२०२५ सालच्या फेब्रुवारीत आपल्या मंडळातील तीन कुटुंबांनी जगन्नाथपुरीला जाण्याचा बेत केला. दोन मोटारी, अकरा माणसे. सर्वांत वडील म्हणजे एक्याऐंशी वर्षांच्या आजी आणि सर्वांत धाकटी त्यांची बारा वर्षांची नात. पहाटे साडेचार वाजता आम्ही आपली ही पोलादनगरी सोडली. केओंझरच्या बाजूने जाणारा रस्ता आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. लोहखनिज वाहणाऱ्या ट्रकांची रांग, त्यांच्या चाकांमागे उठणारी तांबडी धूळ, आणि त्या धुळीत दोन्ही बाजूंना उभी राहिलेली सालवृक्षांची रांग. दशम्या, लसणीची चटणी आणि थर्मासमधला चहा यांच्या आधाराने हा पल्ला आम्ही गाठला.

चहाबरोबर वाद येतोच. आमच्या मोटारीत जो वाद पेटला, तो आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. मंडळाचा रविवारचा मराठी वर्ग चालू ठेवावा की बंद करावा? ज्या वर्गात एके काळी चाळीसच्या वर मुले बसत, तेथे त्या हिवाळ्यात सहा मुले उरली होती. वर्गाची खोली रविवारी भाड्याने दिली, तर मंडळाला चार पैसे मिळणार होते. मुलांना शाळेत ओडिया आहे, हिंदी आहे, इंग्रजी आहे. चौथ्या भाषेचे ओझे त्यांच्या पाठीवर कशासाठी, असा पालकांचा प्रश्न होता. तो प्रश्न खोटा नव्हता. आपल्यापासून काही लपवावे असे नाही, म्हणून सांगतो: वर्ग बंद करण्याच्या ठरावावर सूचक म्हणून सही आमचीच होती. पुरीहून परतल्यावर होणाऱ्या बैठकीत तो मांडायचा, असे ठरलेही होते.

आजी मागच्या आसनावर डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांनी या वादात एक अक्षरही काढले नाही. त्यांचे मौन आम्हांला संमतीचे वाटले. माणूस आपल्याला सोयीचा अर्थ किती सहज काढतो!

पाणिकोइली मागे पडले आणि चंडीखोल आले. तेथून एक रस्ता सरळ कटककडे जातो आणि दुसरा डावीकडे पारादीप बंदराकडे वळतो. फाट्याजवळ गाडी मंदावली असता नातीने रस्त्याकडेची ओडिया पाटी मोठ्याने वाचली, "रत्नगिरी!" आणि लगेच म्हणाली, "आजी, तुझं गाव!"

आजींनी डोळे उघडले. त्यांचे माहेर कोकणातले, थेट रत्नागिरीचे. लग्न होऊन त्या या प्रदेशात आल्या, त्याला साठ वर्षे होत आली. माहेरचे घर भावांनी विकले त्यालाही आता चौदा वर्षे झाली, आणि त्यानंतर त्या तिकडे गेलेल्या नाहीत. "जायचं कुणाकडे?" एवढेच त्या म्हणत. पाटी पाहून त्या सरळ सावरून बसल्या आणि चालकाला म्हणाल्या, "अहो, वळवा गाडी. माहेर आलंय."

सगळे हसले. पुरीला उशीर होईल, भोजनाची वेळ टळेल, अशा शंका निघाल्या. परंतु एक्याऐंशी वर्षांच्या माहेरवाशिणीपुढे वेळापत्रकाचे काय चालणार? आम्ही डावीकडे वळलो.

आता या रत्नगिरीविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. जाजपूर आणि कटक या जिल्ह्यांत, ब्राह्मणी आणि बिरूपा या नद्यांच्या परिसरात, भातशेतीच्या सपाट पसाऱ्यातून काही ठेंगण्या टेकड्या वर आल्या आहेत. त्यांपैकी तिघींवर प्राचीन बौद्ध विहारांचे अवशेष आहेत: ललितगिरी, उदयगिरी आणि रत्नगिरी. ललितगिरी तिघींत सर्वांत जुनी. तेथील वस्ती इसवी सनापूर्वीपर्यंत मागे जाते आणि तेथील स्तूपात एकात एक ठेवलेले अस्थिकरंडक मिळाले. उदयगिरीवर खडकात खोदलेली, पायऱ्यांची एक मोठी विहीर आहे. रत्नगिरीचा विहार सुमारे पाचव्या-सहाव्या शतकात उभा राहिला, भौमकर राजांच्या काळात वैभवास चढला आणि बाराव्या शतकापर्यंत नांदता राहिला. पुढे त्याला ओहोटी लागली. कोणा एका दिवशी, एका आघातात हे स्थान उजाड झाले असे नव्हे. आधार सुटत गेले, माणसे विरळ होत गेली आणि भिंतींवर माती चढत गेली.

ही माती भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने १९५८ ते १९६१ या काळात उपसली. त्या कामाच्या प्रमुख होत्या देबला मित्रा. त्यांनी या उत्खननाचा वृत्तान्त दोन खंडांत प्रसिद्ध केला, पहिला १९८१ साली आणि दुसरा १९८३ साली. पुरातत्त्व विभागाच्या महासंचालकपदी आरूढ झालेल्या त्या पहिल्या महिला. आमच्या भगिनीमंडळाने या नावाची नोंद घ्यावी, अशी विनंती आहे.

टेकडी चढायला फारशी उंच नाही. आजींनी एका हाताने नातीचा खांदा आणि दुसऱ्या हाताने काठी धरली आणि त्या आमच्या आधी वर पोहोचल्या. समोर मोठ्या विहाराचे प्रवेशद्वार दिसले, आणि इतका वेळ बडबडणारी आमची मंडळी गप्प झाली. भोवताली सर्वत्र तांबूस विटांच्या भिंती, आणि त्यांच्यामध्ये हिरवट-निळसर दगडाची ही चौकट! त्या दगडावर वेलबुट्टी अशी कोरली आहे, की कोण्या सोनाराने नक्षीचे काम केले असावे असे वाटते. वरच्या पट्टीच्या मध्यभागी गजलक्ष्मी आहे. आपल्याकडे दारावर गणेशपट्टी असते, तशी ही लक्ष्मी त्या बुद्धविहाराच्या दारावर बसलेली आहे. आजींनी चपला बाजूला काढल्या, उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला, आणि मग आत पाऊल टाकले. कोणाच्या घरात शिरावे तशा.

आत फरसबंद चौक आहे. चौकाच्या चारी बाजूंनी ओसरी आणि ओसरीच्या पाठीमागे ओळीने भिक्षूंच्या खोल्या. मोठ्या विहारात अशा चोवीस खोल्या आहेत, शेजारच्या लहान विहारात अठरा. दारासमोरच्या बाजूस गाभारा, आणि गाभाऱ्यात भूमिस्पर्श मुद्रेतील भव्य बुद्धमूर्ती. दोन्ही अंगांना पद्मपाणी आणि वज्रपाणी. त्या चौकात उभे राहिल्यावर आमच्यातील एका सद्गृहस्थांना आपण हे पूर्वी कोठेतरी पाहिले आहे, असे वाटू लागले. आणि ते खरेच होते. अजिंठ्याला, कार्ल्याला, कान्हेरीला आपण जे विहार पाहतो, त्यांची मांडणी हीच: मध्ये मोकळी जागा आणि भोवती खोल्या. आपल्या सह्याद्रीने काळा कातळ दिला म्हणून तिकडे तो पोखरला; येथे विटा भाजून रचल्या. साहित्य बदलले, पण घराचा आराखडा बदलला नाही. माणसे दूर जातात तेव्हा मिळेल त्या मातीने घर बांधतात, परंतु आतली मांडणी मनातली असते. आपल्या घरांतील देवघरांचे कोनाडे आठवून पाहावेत.

विहाराच्या बाहेर टेकडीवर मुख्य स्तूपाचे अवशेष आहेत, आणि त्याच्या भोवती, गर्दीच्या जत्रेत माणसे बसावीत तसे, लहान लहान स्तूप. काही कमरेइतके, काही गुडघ्याइतके, काही तर हातात मावतील असे. एकेका दगडात घडविलेले असे सातशेच्या वर स्तूप येथे मिळाले. हे राजांचे काम नव्हे. ज्याची जशी ऐपत, तसा त्याने आपल्या श्रद्धेचा एक स्तूप करवून येथे आणून ठेवला. कोणी कशासाठी ठेवला, हे आता सांगता येत नाही. आजी त्यांच्यामधून हळूहळू हिंडल्या. एका अगदी लहान स्तूपाजवळ थांबून म्हणाल्या, "हे कुणा गरिबाचं दिसतंय. पण ठेवलंन् हो त्यानं. आणि राहिलं बघा."

टेकडीच्या एका अंगाला दोऱ्या बांधलेल्या होत्या आणि मजूर माती चाळीत होते. २०२४ च्या डिसेंबरात पुरातत्त्व विभागाने येथे पुन्हा उत्खनन सुरू केले आणि त्यात एक भव्य बुद्धमस्तक व इतर अवशेष सापडले. म्हणजे देबला मित्रांनी खणले त्यानंतर साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी या टेकडीच्या पोटातले सगळे काही बाहेर आलेले नाही.

तेथे एक वयस्क रखवालदार होता. त्याला मराठी येत नव्हते, आजींना साठ वर्षांनंतरही ओडिया बाजारापुरतेच येते, आणि आमचे ओडिया कारखान्यातले. तेव्हा दुभाषी झाली ती नात. आजींनी विचारले, "या टेकडीला रत्नगिरी नाव कोणी ठेवलं? सरकारने?" नातीने प्रश्न ओडियात केला. रखवालदार हसला. त्याने सांगितले, की त्याच्या आजाच्या तोंडीही हेच नाव होते आणि आजाच्या आजाच्याही असणार. येथे विहार होता, भिक्षू होते, हे गावाला ठाऊक नव्हते. नाव ठाऊक होते.

मग तो आम्हांला तेथील वस्तुसंग्रहालयाकडे घेऊन गेला. थोर मूर्ती पाहून झाल्या. त्या मूर्तींची मिटलेली, शांत नेत्रांची मुखे आम्ही विसरणार नाही. परंतु आम्हांला खिळवून ठेवले ते मातीच्या चिमुकल्या मुद्रांनी. आपल्या मंडळाच्या पत्रावर जसा रबरी शिक्का उमटतो, तसा ओल्या मातीच्या गोळीवर उमटवलेला त्या संघाचा शिक्का! वर धर्मचक्र, त्याच्या दोन बाजूंना दोन हरणे, आणि खाली अक्षरे: 'श्रीरत्नगिरिमहाविहारीय आर्यभिक्षुसंघस्य'. रत्नगिरीच्या महाविहारातील आर्य भिक्षूंच्या संघाचा, असा त्याचा अर्थ. अशा मुद्रा उत्खननात हजारावर मिळाल्या. या मुद्रांमुळेच निश्चित झाले, की लोक ज्या टेकडीला रत्नगिरी म्हणत आले, तेच प्राचीन रत्नगिरीचे महाविहार.

श्रोतेहो, आमच्या मनात येथे जो विचार आला, तो सांगण्यासाठीच हा सारा प्रपंच आहे. संघ गेला. चोवीस खोल्या आणि अठरा खोल्या ओस पडल्या. गाभाऱ्यात दिवा लावणारा कोणी उरला नाही. त्यानंतर कित्येक शतके त्या विहाराची एकच वस्तू जिवंत होती, ती म्हणजे त्याचे नाव. आणि ते कोठे जिवंत होते? ताम्रपटात नव्हे, ग्रंथात नव्हे. आसपासच्या शेतकऱ्यांच्या, गुराख्यांच्या, पाणी भरणाऱ्या बायकांच्या रोजच्या बोलण्यात. अर्थ न कळता त्यांनी ते सांभाळले. पुढे माती उपसली गेली, मुद्रा सापडली, आणि तोंडातला शब्द व मातीतले अक्षर एकमेकांना भेटले. बोलणाऱ्यांनी मध्येच हे नाव टाकून दिले असते, तर मुद्रेवरचे रत्नगिरी ते कोठले, हे विद्वानांना शोधीत बसावे लागले असते.

आता दुसऱ्या रत्नागिरीकडे वळतो. मुद्रेची अक्षरे वाचत असता नात एकाएकी म्हणाली, "आजी, पण हे तुझं गाव नाही. तुझ्या रत्नागिरीत काना आहे. इथे 'त्न'ला काना नाही." आम्ही पाहिले. खरेच! आजींचे रत्नागिरी, मुद्रेवरचे रत्नगिरी. मध्ये एका कान्याचे अंतर. हा काना तिला कोठे भेटला होता, हे निराळे सांगायला नको. रविवारच्या वर्गात बसणाऱ्या सहा मुलांपैकी ती एक.

या कान्याने आम्हांला घरी परतल्यावर ग्रंथ उघडायला लावले आणि त्यातून एक नवल हाती आले. कोकणातल्या रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यात, कोटजाई नदीच्या काठी पन्हाळेकाजी नावाचे खेडे आहे. तेथे एकोणतीस लेण्यांचा समूह आहे. पुरातत्त्व विभागाचे १९७२ ते १९७८ या काळातील महासंचालक म. न. देशपांडे यांनी या लेण्यांचा अभ्यास करून त्यावरील ग्रंथ १९८६ साली प्रसिद्ध केला. प्रारंभी ही लेणी हीनयानी बौद्धांची. पुढे दहाव्या-अकराव्या शतकांत तेथे वज्रयान पंथाची उपासना चालू झाली, आणि दहाव्या लेण्यात महाचंडरोषण या वज्रयानी देवतेची मूर्ती आहे. त्यानंतर शैव आले, नाथपंथीय आले. आणि ओडिशातले रत्नगिरी हे त्याच शतकांत वज्रयानाचे एक मोठे पीठ होते! म्हणजे भारताच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या रत्नगिरीत जी उपासना चालली होती, तिच्याच कुळातली उपासना त्याच काळात पश्चिम किनाऱ्याजवळ, आजच्या रत्नागिरी जिल्ह्यातील एका नदीकाठी चालली होती. नावांचे साम्य हा योगायोग असेल. परंतु उपासनेचे नाते हा योगायोग नव्हे. ते नाते चालत्या माणसांनी जोडलेले होते.

माणसे त्या काळीही फार दूर जात. इ. स. ७९५ मध्ये चीनच्या सम्राटाकडे ओड्र देशाच्या राजाकडून 'गंडव्यूह' या ग्रंथाची हस्तलिखित प्रत पोहोचली आणि प्रज्ञ नावाच्या भिक्षूने तिचे चिनी भाषांतर केले. हा प्रज्ञ वायव्येकडील कपिशा देशाचा; नालंदेस शिकून तो चीनला गेलेला. आणि उलट बाजूचे उदाहरण हवे, तर आपल्या मुंबईजवळच्या कान्हेरीला जावे. नवव्या शतकात, शिलाहार राजा दुसरा कपर्दी राज्य करीत असता, गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या एका बौद्ध उपासकाने तेथील भिक्षूंसाठी निवास करविला आणि शंभर द्रम्मांची कायम ठेव दिली. तसा शिलालेख तेथे आहे. बंगालचा माणूस कोकणात येऊन कायम ठेव ठेवतो! आपण कोकणातून, देशावरून, विदर्भातून इकडे आलो आणि मंडळाच्या कायम निधीसाठी पावत्या फाडीत हिंडलो, ते काही जगावेगळे केले नाही. आपल्या आधी अकराशे वर्षे कोणी उलट दिशेने तेच करून गेला आहे.

आजींच्या रत्नागिरीनेही एका परदेशस्थाला ठेवून घेतले होते, हे आपणांस ठाऊकच असेल. ब्रह्मदेशचा अखेरचा राजा थिबा याला इंग्रजांनी पदच्युत करून १८८६ साली रत्नागिरीस आणून ठेवले. १९१० साली त्याच्यासाठी तेथे राजवाडा बांधून पुरा झाला आणि १९१६ साली त्याच गावी तो वारला. आजी म्हणतात, लहानपणी थिबा पॅलेसच्या आवारात खेळताना वाटे, केवढे हे राजाचे भाग्य, समुद्र दिसणारे घर! घरापासून दूर राहणे म्हणजे काय, हे कळल्यावर त्या खिडक्यांचा अर्थ निराळा लागला.

टेकडी उतरलो तेव्हा ऊन कलले होते. पायथ्याच्या दुकानात चहा आणि बरा-घुगुनी घेतली. दुकानदाराने कोठले म्हणून विचारले. महाराष्ट्राचे, असे आम्ही सांगताच तो मिस्कीलपणे म्हणाला, "म्हणजे बर्गी!" बर्गी हा शब्द आपल्याच 'बारगीर'चा. नागपूरकर भोसल्यांच्या घोडदळाच्या स्वाऱ्यांमुळे तो या बाजूच्या लोकांच्या तोंडी बसला, आणि आपल्या अभिमानाला सुखावेल अशा अर्थाने बसला नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. १७५१ साली ओडिशा भोसल्यांकडे आला आणि १८०३ साली इंग्रजांनी तो घेतला. बावन्न वर्षांचा अंमल! पुरीच्या सिंहद्वारासमोरचा अरुणस्तंभ कोणार्कहून आणून तेथे उभा केला गेला तो त्याच काळात, हेही लोकांना ठाऊक आहे. तेव्हा आमच्या मनात हिशेब झाला. तलवारीच्या बळावर आलेले बावन्न वर्षे राहिले, आणि तिळगूळ, पोहे, नाट्यप्रयोग व भजने घेऊन आलेल्या आपल्या मंडळाला पन्नास झाली. मागे काय ठेवावे, हे अजून आपल्या हाती आहे. दुकानदाराने आमच्या नातीचे ओडिया ऐकून चहाचे पैसे घेण्याचे नाकारले. "ही तर आमचीच मुलगी," असे तो म्हणाला. ते ऐकून आम्हांला आनंद झाला. आणि, खोटे कशाला बोलावे, मनात थोडी कळही उठली.

मोटार सुरू झाल्यावर आजी प्रथमच त्या वादाविषयी बोलल्या. आवाज चढविला नाही. त्या म्हणाल्या, "तुमच्या ठरावाबद्दल मी काही म्हणणार नाही. मुलांवर ओझं नको, हे बरोबरच आहे. पण एक विचारते. माझ्या आईची पत्रं आहेत माझ्याकडे, पेटीभर. ती मी कुणाला वाचून दाखवायची ते सांगा. हिला अक्षर लागतं. आणखी दोन वर्षांनी लागलं नाही, तर ती पत्रं म्हणजे निव्वळ कागद." एवढे बोलून त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

आम्हांला उत्तर सुचले नाही. पुरीला पोहोचेपर्यंत सुचले नाही. जगन्नाथाच्या दारात उभे असताना आमच्या डोळ्यांपुढे मातीची ती गोळी होती.

बैठकीत आम्ही आमची सही मागे घेतली. सूचक राहिला नाही म्हणून ठराव मांडला गेला नाही. यात आमचा काही मोठेपणा नाही. आधी घाईने सही केली होती, ती चूक दुरुस्त केली, इतकेच. ज्यांनी त्या वेळी वर्ग बंद करण्याच्या बाजूने मत दिले होते, ते मराठीचे वैरी नव्हेत. मुलांच्या पाठीवरचे ओझे त्यांना आमच्यापेक्षा अधिक दिसत होते. म्हणून वर्गाचे स्वरूपही आपण बदलले. आता तेथे परीक्षा नाही, गृहपाठ नाही. प्रत्येक रविवारी एका घरातले एक जुने पत्र, एक पाककृतीची वही किंवा एक जमाखर्चाची वही येते, आणि मुले ती वाचतात. आजींच्या पेटीतली सात पत्रे वाचून झाली आहेत. मुलांची संख्या सहाची नऊ झाली. त्यांत दोघांच्या आया ओडिया आहेत, आणि त्या स्वतःही मागच्या बाकावर बसतात. उद्या नऊची पुन्हा सहा होतील, चारही होतील. त्याची हमी आम्ही देऊ शकत नाही, आणि मंडळ आणखी पन्नास वर्षे चालेल याचीही नाही. सातशे वर्षे चाललेला विहारही थांबलाच.

पण जोपर्यंत तोंडात शब्द आहे, तोपर्यंत मातीतल्या अक्षराला कोणीतरी ओळखील. रत्नगिरीच्या टेकडीवर राजांनी दिलेले सोने आम्हांला कोठे दिसले नाही. दिसले ते गरिबांचे गुडघाभर स्तूप आणि ओल्या मातीवरचे शिक्के. लहान, पुष्कळ, आणि रोजच्या कामाचे, तेवढेच टिकले. रविवारचा वर्ग हा आपला गुडघाभर स्तूप आहे, अशी आमची समजूत आहे. ज्याला जितके जमेल, तितके त्याने तेथे ठेवावे. कोणी एक पत्र, कोणी एक तास, कोणी केवळ आपले मूल.

आजी आज येथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत. निघताना त्यांनी आम्हांला विचारले, "भाषणात माझं नाव घेणार नाही ना?" नाव घेतलेले नाही, आजी. गावाचे मात्र घेतले, आणि काना देऊन घेतले.

कार्यवाह घड्याळाकडे पाहत आहेत आणि वड्यांचा वास येथपर्यंत आला आहे.